नव्या प्लगला हात लावायचा नाही

आमच्या बोटीचं जुनं इंजिन वेगात छान पळे, पण धक्क्याशी संथ ठेवलं की खोकू लागे. "आज दुपारपर्यंत नीट झालं नाही, तर बोट विकायची," असं बायकोने जाहीर केलं होतं. तिच्या भावाने सकाळपासून तीनदा कार्बुरेटर धुतला होता. चौथ्यांदा पाना उचलला, तेव्हा माझं डोकं फिरलं.

"अरे, प्लग बघ की!"

"भाऊजी, दोन्ही प्लग मी परवाच नवे टाकलेत. त्यांना हात लावायचा नाही."

मी रबरी हातमोजा घातला, इंजिन चालू केलं आणि वरच्या प्लगची टोपी काढली. इंजिन गचकन बंद पडलं. पुन्हा चालू करून खालच्याची काढली, तर खोकण्यात काडीचा फरक पडला नाही. पस्तीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला आणखी काय सांगायला हवं? ज्याच्या रजेने कुणाचंच अडत नाही, तो कामच करत नसतो.

त्या जागी जुना प्लग बसवताच इंजिन शहाण्यासारखं चालू लागलं. आवाज ऐकून बायको बाहेर आली.

"बघ ताई," मेहुणा म्हणाला, "कार्बुरेटर धुतल्याचा गुण!"

"गुणाचा गं बाई माझा भाऊ! दर महिन्याला येऊन धुवून देत जा रे."

बोट वाचली होती, म्हणून मी काढलेला नवा प्लग हळूच खिशात टाकला.