अर्धा तास कानावर

मुंगीच्या पंखाएवढा काळा पापुद्रा... रिनानं तो गालावरून नखानं उचलला आणि बोटाच्या टोकावर धरून बसच्या खिडकीकडे केला. हेडफोनच्या गादीचं रेक्झिन. सकाळी निघण्यापूर्वी दहा मिनिटं काय ते तिनं हेडफोन घातले होते, तेवढ्यातही हे सुटलंच. गेले दोन महिने हे पापुद्रे घरभर सापडत होते, उशीवर, ओढणीवर, एकदा तर वरणाच्या वाटीत, आणि आई वाटी उजेडात धरून म्हणाली होती, "तुहे कान झडून राह्यले का वं?"

कान झडत नव्हते, दुखत होते. गोंडपिपरीतल्या घरात खिडकीशी बसून ती दिवसाचे आठ तास म्हाताऱ्या माणसांचे आवाज ऐकायची आणि ते बोलतील तसं टाइप करायची. नागपूरच्या एका संस्थेनं गावोगाव फिरून म्हाताऱ्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या होत्या, त्यांचं पुस्तक व्हायचं होतं. काम जिवाभावाचं... पण तिसऱ्या तासाला चष्म्याची काडी आणि हेडफोनची गादी यांच्यामध्ये कान चेंगरायला लागायचा, आणि पाचव्या तासाला ती पळायला लागायची — म्हातारी खोकली, पुढे. म्हातारी थांबली, पुढे. नुसता वारा, पुढे. आपण असं पळतो हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मी ऐकते, हेच तर माझं काम, आणि मीच टाळते... हे स्वतःला तरी कुठं धड सांगितलं होतं?

म्हणून आज चंद्रपूर. फोनवर मागवलेले तीन हेडफोन तिनं दोन वर्षांत संपवले होते, एकाचा सांधा मोडला, एकाची वायर आतून तुटली, तिसऱ्याचे हे पापुद्रे, आणि आता डोक्यावर घालून पाहिल्याशिवाय घ्यायचे नाहीत असं ठरवून ती निघाली, तर आई मीराबाई आधीच चपला घालून दारात उभी. "मी पण येतो. तुले आवाज समजते, मले टिकाऊपणा समजते."

दुकान खुशालभाऊंचं. जाड भिंगाचा चष्मा, गळ्यात स्क्रू-ड्रायव्हर. रिनानं आठ तास म्हटल्यावर ते थबकले, तिच्या चष्म्याकडे बघितलं, आणि काचेतला सगळ्यात चकाकता डबा उचलायला गेलेला हात मागं घेतला. पण तिला तोच बघायचा होता. तो घातला आणि — दुकान गेलं. रस्ता गेला, पंखा गेला, आईचे ओठ हलत होते आणि आवाज नव्हता. किती बरं वाटलं! क्षणभर तिला वाटलं, हेच हवं होतं मला, इतके दिवस. मग आईनं तिच्या दंडाला चिमटा काढला.

"मी बलावलं त आयकू येईन का तुले?"

"नाई येणार."

"मंग कायले पाह्यजे? घरात दोन माणसं, त्यातली एक बहिरी!"

दुसरा जड होता. पाच मिनिटांत मान बोलायला लागली. तिसरा दिसायला अगदीच गरीब, राखाडी, वायरचा, गाद्या कापडाच्या. आईनं तो हातात घेतला, दोन्ही बाजूंनी ताणला, शिवण नखानं चाचपली, भाजीवालीकडची वांगी उलटसुलट करावीत तसा फिरवला.

"हे फाटलं तं?"

"गाद्या अलग भेटते बाई. वायर पण निघते. आपल्या उन्हात रेक्झिन टिकत नाई, घामानं सडते. कापड धुता येते." खुशालभाऊंनी स्टूल पुढे सरकवलं. "घालून बसा अर्धा तास. दोन मिनिटं तं सगळेच नरम लागते."

अर्धा तास! एवढा वेळ ऐकायचं काय? रिनानं फोन जोडला आणि रुखमाबाईंची फाइल लावली, कारण कालच त्या पानाचं प्रूफ आलं होतं आणि सोमवारी परत पाठवायचं होतं. आरमोरीकडची रुखमाबाई, नवरा बुधूसोबत तलावावर मासे धरणारी, आता या जगात नाही. हे पान रिनानं दोन वर्षांपूर्वी टाइप केलं होतं — बाबांना जाऊन आठच दिवस झाले होते, सगळे म्हणाले काम करू नको, आणि ती म्हणाली करते. ते पान पुस्तकात कुठं घातलंय हे तिला प्रूफ आल्यावर कळलं: 'पाण्यानं नेलेली माणसं' या प्रकरणात.

"...मरळ केवढी होती बाई! बुधू वाकला, मी त्याले मांगून धरलं. मरळ सटकली, अन् हा तिच्या मांगं पाण्यात... गेला तो गेलाच... माह्या हातात निस्तं —"

इथं तिनं टाइप केलं होतं: (अस्पष्ट). (रडतात.) आणि पुढे पळाली होती. स्वतःही रडली होती त्या दिवशी, कीबोर्डवर ओढणी धरून.

आज कान दुखत नव्हता. चष्म्याची काडी आहे तिथं होती आणि तिच्यावर कुणी दाबत नव्हतं. पळायचं कारणच नव्हतं... तिनं मागं जाऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा. मग हेडफोन काढून आईच्या अंबाड्यावरून तिच्या कानांवर बसवला.

मीराबाई डोळे मिटून ऐकत राहिली आणि एकदम दुकान हादरेल एवढ्या मोठ्यानं ओरडली, "धोतर!"

रस्त्यावरचा एक माणूस थांबला.

"माह्या हातात निस्तं धोतर, म्हणते ते! हा तसाच गेला ना मासोळीमांगं! रडून कुठी राह्यली वं, हासून राह्यली ते! दात नाईत तिले, म्हणून हवा निघून राह्यली!"

खुशालभाऊ काउंटरवर डोकं टेकून हसत होते. रिनाही हसली, आणि हसता हसता तिचे कान तापले. बुधू पाण्यानं नेलाच नव्हता! दोन वर्षं तो माणूस तिनं बुडवून ठेवला होता, आणि सोमवारनंतर तो छापून कायमचाच बुडाला असता. तिनं तिथंच, स्टुलावर बसून, संपादकबाईंना निरोप पाठवला: ते प्रकरण थांबवा, चूक माझी आहे. पाठवताना वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं.

मग तिनं फाइल पुढे जाऊ दिली, न पळता. हसू ओसरलं. वारा. कोंबडी. खूप वेळ काहीच नाही, आणि मग, इतकं हळू की जुन्या हेडफोनात ते वाऱ्यातच गेलं असतं —

"लय हासवे तो मले."

हासवे. हसवायचा, म्हणजे ध्वनिमुद्रण झालं तेव्हा बुधू नव्हता. कधी गेला, कशानं गेला, ते फाइलीत कुठंच नव्हतं.

राखाडी हेडफोन घेतला, गाद्यांचा जास्तीचा जोड घेतला. परतीच्या बसमध्ये मायलेकींना शेजारी जागा मिळाली. रिनानं प्रूफवर 'रडतात' खोडलं. 'हसतात' लिहायला पेन टेकवलं, आणि थांबली. ते एवढंच होतं का? दुसरा शब्द मिळेना... बस बल्लारशाच्या पुढे आली, सागाची झाडं सुरू झाली, आणि काही कारण नसताना तिला बाबा दिसले. दवाखान्यातले नाहीत. दोन वर्षं फक्त दवाखान्यातलेच येत होते. हे हातात पेढ्यांचा पुडा घेतलेले, कडक इस्त्रीचे, दहावीच्या निकालाच्या दिवशीचे. घरात त्यांच्या गमतीच्या गोष्टी कुणी काढतच नव्हतं — ती आईला रडू येईल म्हणून, आणि आई बहुतेक तिला.

"आई," ती म्हणाली, "बाबाचे ते पेढे आठवते का?"

मीराबाई खिडकीकडे बघत होती. "कोन्ते वं?"

"माह्या निकालाचे. सगळ्या मोहल्ल्यात वाटले अन् मंग समजलं, मी नापास, तो नंबर दुसऱ्याच रिनाचा होता."

आई म्हणाली, "तो म्हणे, पास तं झाली ना कोनीतरी रिना." आणि तिचा खांदा, रिनाच्या खांद्याला टेकलेला, हलायला लागला.

तोंड खिडकीकडेच होतं. रिनानं वाकून पाहिलं नाही. तो खांदा तसाच हलू दिला, आणि ऐकत राहिली.