किशनरावांच्या हातात हँडल

मित्रांनो, लष्कराने काढून टाकलेला एक जुना डिझेल जनरेटर तुमच्याशी बोलतो आहे. यंत्राला राग येत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर माझ्याबाबतीत ते खरं मानू नका. मी एका माणसावर कित्येक वर्षं डूख धरून होतो. त्या माणसाचं नाव किशनराव.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका बाजूला डिझेलचं इंजिन, दुसऱ्या बाजूला वीज तयार करणारा अल्टरनेटर आणि दोघांना धरून ठेवणारी लोखंडी चौकट, असं माझं शरीर. डिझेलची टाकी सगळ्यांत वर. तिच्यातलं डिझेल आपल्याच वजनाने खाली इंजिनाकडे उतरतं. सरहद्दीवरच्या एका ठाण्यावर मी बिनतारी यंत्राला आणि दवाखान्याला वीज दिली. तिथे रोज सकाळी माझं तेल पाहिलं जायचं. थंडीत जवान स्वतःच्या हातांवर फुंकर घालायचे, पण माझ्या अंगावर आठवणीने जाड ताडपत्री टाकायचे. नवी यंत्रं आली तेव्हा त्यांनी मला पुसलं, ग्रीस लावलं आणि मगच लिलावाला पाठवलं.

लातूरच्या एका व्यापाऱ्याकडून किशनरावांनी मला घेतलं. मुखेडजवळच्या त्यांच्या गावात त्यांचा मंडपाचा धंदा होता. लग्न असो, जत्रा असो, मी ट्रॉलीवर बसून जायचो. पहिल्या वर्षी ते लोकांना अभिमानाने सांगायचे, "मिल्ट्रीचा माल हाय. बंदच पडत न्हाई."

बंद पडत नाही म्हणून ते माझ्याकडे बघेनासे झाले. माझ्या ताकदीबाहेरचे दिवे आणि भोंगे त्यांनी माझ्यावर लादले. तेल डांबरासारखं झालं तरी बदललं नाही. हवेने थंड होण्यासाठी माझ्या इंजिनावर पातळ पात्यांच्या रांगा आहेत. त्या धुळीने गच्च भरल्या. शेवटी एका वरातीत मी धापा टाकत थांबलो, तेव्हा सगळ्या वऱ्हाडासमोर त्यांनी मला लाथ मारली.

"लष्कराचं भंगार!" ते म्हणाले आणि वऱ्हाड हसलं.

त्यानंतर मी कडुलिंबाखाली पडून राहिलो. माझ्या चौकटीला शेळ्या बांधल्या जायच्या. धुराच्या नळीतून पावसाचं पाणी आत गेलं, पिस्टन गंजून जागीच अडकला. मित्रांनो, तुम्ही म्हणाल की अशा वेळी मी जुने चांगले दिवस आठवत असेन. नाही. मी एकच गोष्ट आठवायचो, ती लाथ.

मला तिथून उचललं पुनमने. ती किशनरावांच्या धाकट्या भावाची, आदिनाथची बायको. नांदेडला बी.एस्सी. केलेली, मोजकंच बोलणारी. मंडपाच्या रिकाम्या शेडमध्ये तिला अंडी उबवायचं यंत्र लावायचं होतं. वीज गेली तरी त्यातली ऊब टिकली पाहिजे, नाहीतर पिल्लं कवचातच मरतात. म्हणून तिने मला मागितलं.

किशनराव खो खो हसले. "एवढं शिकून भंगार उकरून राहिली व्हय? घेऊन जा. पन पहिली खेप वाया गेली, की शेड माझं. अन् हे लोखंड नांदेडच्या भंगारवाल्याला."

"बरं, भाऊजी," एवढंच ती म्हणाली. पण तिने जबडा कसा आवळला ते मी पाहिलं. तेव्हाच मला कळलं, की डूख धरणारा मी एकटा नाही.

उदगीरकडचे मिस्त्री माणिकप्पा आणि ती, दोघांनी मला पार सुटं केलं. गंजलेले बोल्ट डिझेलमध्ये भिजत घातले. पिस्टन हळूहळू सोडवला, त्याच्या रिंगा बदलल्या. इंजिनात डिझेल फवारणारं नोझल धुऊन त्याचा फवारा धुक्यासारखा पडतो का ते पाहिलं. अल्टरनेटरमधली ओल उन्हात वाळवली आणि गुंडाळीतून वीज चौकटीत उतरत नाही याची खात्री होईपर्यंत पुनमने मला चालू करू दिलं नाही.

"अक्का, किती तपासता?" माणिकप्पा वैतागले. "मिल्ट्रीचं लोखंड हाय हे. गंजतं, पन मरत न्हाई."

"मग एकदा अजून तपासू," पुनम म्हणाली.

मी चाललो. हँडल मारलं की एका दमात. अंड्यांची पहिली खेप उबवणीच्या पेटीत बसली. तिच्यात पुनमच्या सासूबाईंच्या, चतुराबाईंच्या तांबड्या कोंबडीचीही अंडी होती.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची आणि यंत्रांची पूजा होते. चतुराबाईंनी तेलात कालवलेला शेंदूर घेतला आणि माझ्यात सगळ्यांत उंच काय ते पाहिलं. टाकीचं झाकण. तेच माझं डोकं समजून त्यांनी ते भक्तिभावाने माखलं. त्या झाकणाला एक बारीक भोक असतं. टाकीतलं डिझेल जसं कमी होतं, तशी बाहेरची हवा त्या भोकातून आत येते. हवा आली नाही तर आत पोकळी होते आणि डिझेल खाली उतरायचं थांबतं. शेंदराने ते भोक बुजलं. मला हे कळत होतं, पण मला सांगता येत नव्हतं.

दसऱ्याच्या दुपारी गावाला वीज देणारी डीपी जळाली. पेटीतली पिल्लं आतून कवचावर चोची मारू लागली होती. आदिनाथ लाईनमनला शोधायला गेला आणि माणिकप्पा सणासाठी घरी गेले होते. पुनमने मला चालू केलं. थोडा वेळ चाललो आणि थांबलो. तिने पुन्हा पुन्हा हँडल मारलं, तिचे तळहात सोलले. शेवटी चतुराबाईंनी थोरल्या मुलाला हाक मारली.

किशनराव पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले. "म्हनलो न्हवतो मी?"

"म्हनलास ते म्हनलास," चतुराबाई म्हणाल्या. "आता हँडल मार. माझ्या तांबडीची अंडी हायत त्यात."

किशनरावांनी झाकण उघडून डिझेल पाहिलं, झाकण लावलं, हँडल मारलं. मी चालू झालो. "बघा! मानसाचा हात लागतो!" ते म्हणाले. काही वेळाने मी थांबलो. त्यांनी पुन्हा झाकण उघडलं, पाहिलं, लावलं. मी पुन्हा चाललो आणि पुन्हा थांबलो. तिसऱ्यांदा त्यांनी झाकण उघडायचा कंटाळा केला. हँडल मारत राहिले, मी हललो नाही.

मी मुद्दाम थांबलो असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण तो हवेच्या दाबाचा नियम होता. मी फक्त त्याचा आनंद घेतला.

पुनम बाजूला उभी राहून पाहत होती. तिची नजर हँडलवरून झाकणावर गेली आणि शेंदरावर थांबली. ती आत गेली, पेटीचा थर्मामीटर पाहिला. ऊब अजून पुरेशी होती. ती शांतपणे परत आली.

"भाऊजी, झाकण नका उघडू. कचरा जातो. नुसतं हँडल मारा."

किशनराव माझ्यापुढे कमरेत वाकले. फिरवत राहिले. शर्टाला काळं तेल लागलं, तोंड लाल झालं. आपट्याची पानं द्यायला आलेल्या बायका दारात थांबल्या. "किशनराव, सीमोल्लंघन हितंच व्हय?" एकीने विचारलं आणि सगळ्या हसल्या. रागाने त्यांनी पाय उचलला.

"लाथ नका मारू," पुनम म्हणाली. "तिनं न्हाई चालत. तुम्ही आधी मारून बघितलीय."

त्यांनी पाय खाली ठेवला. पुन्हा वाकले, पुन्हा फिरवलं आणि मग जमिनीवर बसकण मारली. "न्हाई जमत मला," ते म्हणाले.

मित्रांनो, वऱ्हाडासमोर खाल्लेल्या लाथेची भरपाई मला त्या तीन शब्दांत मिळाली.

पुनमने झाकण सैल केलं. सूं करून हवा आत घुसली. तिने खराट्याची काडी घेऊन भोक मोकळं केलं, शेंदूर पुसला आणि म्हणाली, "आता मारा."

मी एका दमात सुरू झालो. सगळी पिल्लं ओली, वेडीवाकडी बाहेर येईपर्यंत थांबलो नाही. शेड पुनमकडेच राहिलं.

"एवढंसं भोक?" किशनराव चिडून म्हणाले. "तुला मघाशीच कळलं व्हतं. मग सांगितलं का न्हाईस?"

"खात्री करून घेत होते, भाऊजी," पुनम म्हणाली. "एकदा करून प्रयोग पक्का होत न्हाई."

मित्रांनो, यंत्रांची पूजा जरूर करा, पण हवेची वाट मोकळी ठेवा. तेल वेळेवर बदला, धूळ झाडा, पावसात आम्हाला उघड्यावर टाकू नका. आणि यातलं काहीच जमत नसेल, तर निदान लाथ तरी मारू नका. आमच्यापुढे वाकायची पाळी कुणावर कधी येईल ते सांगता येत नाही. त्या दिवशी आम्ही पहिल्याच हँडलला चालू होऊ, असं मी तुम्हाला वचन देत नाही.