पिवळ्या-हिरव्या वायरींवरची गाठ

जुन्या मशीनांच्या त्या यार्डात बुवा एकटेच दुरुस्तीचं काम करत. बुवा हे काही त्यांचं नाव नव्हे. काम करताना ते देवाचं एक पद गुणगुणत, म्हणून कुणीतरी थट्टेने म्हटलं आणि तेच चिकटलं. पहिली ओळ ते म्हणत आणि दुसरी धाकटा भाऊ उचलून धरायचा. धाकटा घर सोडून गेल्यापासून बुवा पहिली ओळ म्हणत, थांबत, आणि जरा वेळाने पुन्हा तीच ओळ म्हणत. दुसरी त्यांना येत नव्हती असं नाही. ती त्यांची नव्हती, एवढंच.

त्या सकाळी यार्डाचा मालक त्यांना खोदाईच्या एका मशीनपाशी घेऊन गेला. मालकाला सगळे पाठीमागे साखरतोंड्या म्हणत. मशीन जुनं, पण धुऊनपुसून आरशासारखं केलेलं.

"बुवा, याला कुणाची नजर लागली बघा! सुरू होतं, चार वेळा हात उचलतं आणि मग रुसून बसतं. स्क्रीनवर येतं, पंपाशी संपर्क नाही. दुपारी गिऱ्हाईक येतंय. पंपाचा कंट्रोलरच बदलून टाकू का?"

"डोकं दुखलं की डोकंच बदलता का मालक?" बुवा म्हणाले. "तो बिचारा बोलत असेल. पोचत नसेल."

अशा मशीनमध्ये इंजिन, पंप, स्क्रीन सगळे दोनच वायरींवरून एकमेकांशी बोलतात. एक पिवळी, एक हिरवी, दोघींना एकमेकींचा पीळ. या जोडीच्या दोन्ही टोकांना बोटभर प्लग असतो. त्याने स्वतः काही बोलायचं नसतं, आलेला शब्द जिरवून घ्यायचा असतो. टोकाला असं कुणी नसलं की शब्द तिथून उलटा फिरतो, मागून येणाऱ्या शब्दांत मिसळतो आणि सगळा कालवा होतो.

बुवांनी बॅटरी सोडवली आणि मीटर लावला. दोन्ही प्लग धड असते तर साठ ओहम दिसायला हवे होते. मीटरने एकशेवीस दाखवले. म्हणजे एका टोकाचा प्लग गेलेला, नाहीतर वाटेत वायर तुटलेली. वाट तपासायला त्यांनी केबिनच्या तळाचा पत्रा उचलला आणि त्यांचे हात तिथेच थांबले.

वायरींना मध्येच जोड दिलेला होता. पिवळीचा जोड अलीकडे, हिरवीचा चार बोटं पलीकडे, म्हणजे एकमेकांना घासायला नकोत. वर काळी नळी, आणि नळीच्या दोन्ही तोंडांना मेण लावलेल्या शिवणाच्या दोऱ्याची गाठ. तीन वेढे, चौथा उलटा.

ती गाठ त्यांच्या आईची. ती कपडे शिवायची आणि बटण लावताना चौथा वेढा उलटा घ्यायची. "आता शर्ट फाटेल, पण बटण निघायचं नाही," म्हणायची. ती गेल्यावर बुवांनी धाकट्याला वाढवलं आणि वायर बांधायला हीच गाठ शिकवली. मग एकदा एक मशीन भर कामात बंद पडलं. बुवांनी चार लोकांत धाकट्याचा जोड हातात धरून म्हटलं, "हा जोड आहे का बोचकं?" दोष नंतर भलतीकडेच निघाला. तोवर धाकटा पिशवी घेऊन निघून गेला होता. नंबरही बदलला. कुठे आहे, जेवतो का उपाशी राहतो, आहे तरी का, काही कळलं नाही.

बुवांनी गाठीवरून अंगठा फिरवला. मेण अजून चिकट होतं. गाठ ताजी होती.

"शी! हे काय लफडं?" साखरतोंड्या खांद्यावरून डोकावला. "कापा ते. असलं दिसलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं. दोषही तिथेच असणार."

"बघतो," बुवा म्हणाले. त्यांनी वायर ओढली, वाकवली, झटकली. आकडा तसूभर हलला नाही. त्यांना बरं वाटलं. खरं तर ही तपासणी त्यांनी तेव्हा, धाकट्याला बोलण्याआधीच करायला हवी होती.

मग ते पंपाच्या झाकणामागे गेले आणि टोकाचा प्लग उघडला. आतून पाणी ठिबकलं. पिन हिरवी पडून खाल्ली गेली होती.

"मालक, मशीन धुतलं कशाने?"

"जोराच्या पाण्याने. आतबाहेर, कानाकोपऱ्यात!"

"कानातच घातलंत नेमकं."

नवा प्लग बसला. मीटरवर साठ आले. मशीनने हात उचलला, फिरवला, पुन्हा उचलला, आणि रुसायचं नाव नाही. साखरतोंड्या टाळ्या पिटायला लागला.

"हे आणलं कुठून, मालक?"

"बुवा, धंद्यात हे कुणी कुणाला विचारतं का? उद्या तुम्हीच परस्पर मशीन आणाल!"

"मशीन नकोय मला. हा जोड माझ्या भावाने दिलाय."

साखरतोंड्याने खिशातून फोन काढला. जिथून मशीन आणलं तिथला नंबर लावला, फोन बुवांच्या हातात दिला आणि गिऱ्हाईक आलं का बघायला जातो म्हणून फाटकाकडे गेला.

पलीकडे कुणीतरी ओरडून बोलत होतं. मागे हातोडा वाजत होता. बुवांनी विचारलं, वायरिंगचं काम करणारा, दोऱ्याने गाठ मारणारा कुणी आहे का.

"शिंपी ना? आहे की! मशीनखाली आहे. कोण म्हणून सांगू?"

"त्याचा दादा," बुवा म्हणाले.

हातोडा थांबला. फोनमध्ये नुसती खरखर. मग तोच माणूस परत आला.

"तो विचारतोय, मशीन बंद पडलं का?"

"पडलं होतं."

पुन्हा खरखर.

"विचारतोय, दोष त्याच्या जोडात होता का?"

"नाही म्हणावं," बुवा घाईघाईने म्हणाले. "जोड पक्का आहे. मी ओढून बघितला. दोष टोकाला होता, पाणी गेलं होतं. त्याच्याकडे काही नव्हतं. तेव्हाही नव्हतं, म्हणावं."

माणूस गेला. बुवा केबिनच्या पायरीवर बसले. उघड्या पत्र्यातून ती गाठ दिसत होती.

"अहो, आहात ना?" माणसाचा आवाज आला, आता हळू.

"आहे."

"सांगितलं त्याला. 'बरं' म्हणाला."

"बरं," बुवा म्हणाले. "मग ठेवतो."

"थांबा हो, ठेवू नका. इथेच उभा आहे तो. हात पुसतोय."