उत्तराच्या लायकीचं नाही

कोर्टाचं समन्स आलं तेव्हा मी एका बॅगेला नवी चेन लावत होते. दावा कोणी लावला, तर माझ्या सख्ख्या भावाने! ज्या दुकानात मी उभं आयुष्य बॅगा दुरुस्त केल्या, ज्याच्या मागच्या खोलीत मी राहते, ते त्याला रिकामं करून हवं होतं. बाबांनी जाताना दुकान मला दिलं होतं. तोंडी, पण दादाच्या देखत. कागदावर मात्र नाव त्याचं.

"ताई, वकील करा," शेजारचा चावीवाला म्हणाला.

"कशाला? खरं बोलायला भाड्याचं तोंड लागतं होय?"

मीच उत्तर लिहायला बसले. दाव्यात ओळीने मुद्दे होते. मी म्हणे वहिनीला घालूनपाडून बोलते. मी म्हणे बाबांच्या आजारपणात ढुंकून पाहिलं नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बाबांना कुशीवर कोण वळवायचं, त्यांच्या पाठीला पावडर कोण लावायचं? लिहिलं सगळं, एकेकाला चांगलं खडसावून लिहिलं. सातवा मुद्दा तेवढा दोन ओळींचा होता: मी दादाच्या परवानगीने इथे राहते, आणि तो म्हणेल तेव्हा जागा सोडायचं मी कबूल केलंय.

इतकं धडधडीत खोटं! याला काय उत्तर द्यायचं? तो मी तसाच सोडला.

आमच्या घरात तीच रीत. बाबांना एखादी गोष्ट साफ नामंजूर असली की ते बोलतच नसत. दादाने एकदा मोटरसायकल मागितली होती. बाबा ताटाकडे बघत जेवत राहिले. दादाने परत विषय काढला नाही. बाबा गप्प बसले म्हणजे नाही, आणि तेही कायमचं नाही, हे आम्हा दोघांना कळत्या वयापासून ठाऊक.

उत्तर कोर्टात दिलं आणि त्याच आठवड्यात दादा दुकानात आला. त्याचा आवाज अगदी लोण्यासारखा.

"स्वतःच लिहिलंस म्हणे?"

"हो. अक्कल आहे मला."

"सातव्याला काय लिहिलंस?"

"काही नाही. उत्तराच्या लायकीचं तरी होतं का ते?"

तो हसला नाही की चिडला नाही. खिशातून मापाची टेप काढली, दुकानाची खिडकी मापली आणि चौकटीवर पेन्सिलीने खूण केली. "हे काय चाललंय?" म्हणून मी ओरडले. टेप गुंडाळत तो निघून गेला. त्या दिवशी माझ्या हातून एक शिवण सरळ येईना.

तारखेला न्यायाधीशबाईंनी माझे कागद चाळले. "सातव्या मुद्द्याला तुमचं उत्तर नाही."

"बाई, ते सपशेल खोटं आहे!"

"मग तसं लिहायचं होतं. जे नाकारलं नाही, ते कबूल धरलं जातं."

 तेव्हा लख्ख कळलं, तो मुद्दा इतका खोटा का लिहिला होता ते. जरा कमी खोटं असतं, तर मी भांडले असते. दादा मला पुरता ओळखून होता.

"बाई, आमच्या घरात गप्प बसणं म्हणजे नकार! विचारा त्याला!" मी सरळ त्याच्याकडेच वळले. "दादा, बाबांची शपथ आहे तुला. सांग, आपल्याकडे गप्प बसणं म्हणजे काय?"

दादाने मान खाली घातली. अवाक्षर नाही. क्षणभर वाटलं, आता याचंही गप्प बसणं कबुलीच धरतील. बाईंनी पेनसुद्धा उचललं होतं. पण त्याचा वकील ताडकन उठला. "माझे अशील या प्रश्नाचं उत्तर द्यायला बांधील नाहीत. आणि आता उत्तरात दुरुस्ती करायला आमची हरकत आहे."

बाईंनी मान डोलावली. निकाल त्याच्या बाजूने लागला.

किल्ली घ्यायला दादा एकटाच आला. माझं शिलाईचं मशीन हातगाडीवर चढलं होतं. रिकाम्या दुकानात तो बराच वेळ घुटमळला.

"ऐक ना," तो म्हणाला, "माफ करशील ना मला?"

मी खिडकीच्या चौकटीवरच्या त्या खुणेकडे बघत राहिले. तो थांबला. परत काही विचारलं नाही त्याने. मी किल्ली मशीनच्या मोकळ्या जागेवर, जमिनीवर ठेवली आणि गाडीमागोमाग चालू लागले.