किशोरची संमती

"संमतीपत्रात या दोन जागा कोऱ्या का ठेवल्यात?" श्रुतिकाने विचारलं.

नंतर भरू, असं म्हणून पनवेलच्या वंध्यत्व क्लिनिकची मॅनेजर हसली. श्रुतिका अकरा वर्षं महाडच्या कोर्टाबाहेर गौतमी वकिलांकडे प्रतिज्ञापत्रं टाइप करत होती. कोऱ्या जागेखाली सही करून फसलेली माणसं तिने खूप पाहिली होती. तिने पेन खाली ठेवलं.

तिचा नवरा किशोर तपासणीसाठी रक्त द्यायला खालच्या मजल्यावर गेला होता. तो महाडच्या एमआयडीसीत बॉयलरवर कामाला. लग्नाला नऊ वर्षं झालेली. पोलादपूरच्या वरच्या वाडीत सासू येसूबाई आल्यागेल्याला सांगायची, सुनेची कूस उजवत नाय. आजवर सगळ्या तपासण्या श्रुतिकाच्याच झाल्या होत्या. किशोरची पहिली तपासणी इथेच, गेल्या आठवड्यात झाली होती.

मॅनेजरने दार लोटून घेतलं. "मिस्टरांच्या रिपोर्टमध्ये शुक्राणू नाहीतच. दाता आम्ही बघतो. त्यांना सांगू नका, पुरुषांना सहन होत नाही. फक्त सही घ्या त्यांची."

श्रुतिकाने भिंतीकडे पाहिलं. बाळांचे फोटो होते, डॉक्टरांच्या सत्काराचे होते. नोंदणीचं प्रमाणपत्र कुठेच दिसेना. ते नूतनीकरणाला गेलंय म्हणे. तिने रिपोर्ट मागून घेतला आणि किशोरला घेऊन बाहेर पडली.

एसटीत तिने रिपोर्ट पर्समध्येच ठेवला. हा रिपोर्ट तरी खरा कशावरून? आणि खरा असला तर? काही न बोलता किशोरची सही घेतली असती, तर मूल झालं असतं, सासूचं तोंडही बंद झालं असतं. माणगावपर्यंत ती हाच विचार करत होती, आणि मग तिला स्वतःचीच भीती वाटली. महाडला उतरल्यावर तिने रिपोर्ट त्याच्या हातात दिला. मॅनेजर काय म्हणाली तेही सांगितलं.

पुढचे आठ दिवस किशोर कामापुरतंच बोलला. त्याला रिपोर्टचा संशय, क्लिनिकचा संशय. एकदा जेवता जेवता त्याने विचारलं, "तुला आदीपासून ठाव होतं काय?" तिने नाही म्हटलं. त्याचा विश्वास बसला की नाही, तिला कळलं नाही. महाडच्या लॅबमध्ये तो एकटाच जाऊन पुन्हा तपासून आला. उत्तर तेच आलं.

एका दुपारी तो ड्युटीवरून सरळ गौतमी वकिलांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"बी दुसऱ्याचं, तर पोर कोनाचं? उद्या भावानं जमिनीसाठी कोर्टात नेलं तर?"

गौतमीताईंनी त्याला बसवलं. कृत्रिम गर्भधारणेच्या दोन हजार एकवीसच्या कायद्याप्रमाणे असं मूल नवरा-बायकोचंच, पोटच्या मुलाचे सगळे हक्क त्याला. दात्याचा काही हक्क उरत नाही. दाता नोंदणी असलेल्या शुक्राणू बँकेकडूनच घ्यायचा, क्लिनिकचीही नोंदणी हवी आणि ती दिसेल अशी लावलेली हवी.

"पण लेखी संमती दोघांची लागते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला अंधारात ठेवून नाही चालत."

किशोरने ते कलम श्रुतिकाकडून दोनदा वाचून घेतलं.

पुण्याच्या दुसऱ्या क्लिनिकमध्ये तो खुर्चीवर बसण्याआधी भिंतीपाशी गेला. प्रमाणपत्राचा नंबर आणि मुदत वाचली, नंबर मोबाइलवर पडताळून पाहिला. मग संमतीपत्राचं प्रत्येक पान वाचलं आणि सही केली.

तीन महिन्यांनी पहिला प्रयत्न फसला. पुन्हा करून बघू, असं डॉक्टर म्हणाले.

ते दोघं वाडीवर परतले तेव्हा येसूबाई पडवीत तांदूळ निवडत होती. तिने श्रुतिकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं.

"हिच्या नशिबातच नाय, त्याला कोन काय करनार," ती म्हणाली.

"आये, खोट माझ्यात हाय," किशोर म्हणाला. "तिच्यात नाय. पयल्यापासून माझ्यातच हाय. आता तिला काय बोलायचं नाय."

येसूबाईचा हात सुपातच थांबला. किशोर पायरीवर बसून बूट सोडू लागला. नाडीला गाठ बसली होती. खाली मान घालून तो बराच वेळ ती सोडवत राहिला.