बिबट्याचा दाखला

उसाच्या पाचटात चार पिल्लं सापडली तेव्हा मच्छिंद्रला जेवढा आनंद झाला तेवढा स्वतःच्या पोराच्या बारशालाही झाला नव्हता. बारशाच्या आदल्या रात्री तो पिकाच्या पाण्याची दारं धरायला गेला होता आणि दुसऱ्या दिवशी पाळण्याजवळ बसल्या बसल्या घोरायला लागला, हे त्याची बायको अश्विनी अजून येईल त्या पाहुण्याला सांगते.

पिल्लांचा एवढा आनंद का, ते समजायला विजेची तऱ्हा माहीत हवी. काष्टीच्या पुढे पाचेक किलोमीटरवर असलेल्या त्या वस्तीला शेतीची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री मिळे. रात्रीच्या आठवड्यात बाराला मोटर चालू व्हायची आणि मच्छिंद्र खोरं खांद्यावर टाकून कांद्याकडे निघायचा. भोवती सगळा ऊस, आणि उसात बिबट्या आहे हे वस्तीवरचं शेंबडं पोरही सांगे. तीन कुत्री आणि एक शेळी गेली होती. वस्तीने दिवसा वीज मागितली. वीज कचेरीतल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, बिबट्याचा वावर असल्याचा वनखात्याचा दाखला आणा, मग विचार करू. बिबट्या काही कुणाला सही करून देत नाही. दीड वर्ष मच्छिंद्र त्या दाखल्यासाठी हेलपाटे घालत होता, आणि आता पुरावा आपल्या पायांनी त्याच्या उसात आला होता.

पिल्लं सापडली केशरबाईला. ती आणि तिचा नवरा अंगद जामखेडकडून ऊसतोडीला आलेले. अंगदने पिल्लं पाहताच "बिबट्या! बिबट्या!" अशी बोंब ठोकली आणि कोयता टाकून तो ट्रॉलीवर जाऊन उभा राहिला. केशरबाई मात्र तिथेच उकिडवी बसून पिल्लांकडे बघत होती.

"अवो मालक, बिबट्या कुठला? ही रानमांजरीची हायती," ती मच्छिंद्रला म्हणाली. "आंगावर ठिपके कुठं हायती? पट्टे हायती. आमच्याकडं ज्वारीत लई सापडत्यात."

पण मच्छिंद्र मागे हटला नाही. "मावशी, ल्हानपणी पट्टंच असत्यात. मोठं झालं की त्येच तुटून ठिपकं व्हत्यात."

ही विद्या त्याला त्याच क्षणी सुचली होती. केशरबाईने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, "आसंल बाई," म्हणाली, आणि मोळी बांधायला निघून गेली. परक्या गावात मालकाशी वाद घालण्याइतका रिकामा वेळ तिच्याकडे नव्हता.

तासाभरात वस्ती लोटली. त्यात काकासाहेबही आले. ते साखर कारखान्याचे माजी संचालक, म्हणजे कुठल्याही विषयातले जाणकार. त्यांनी बांधावर उभं राहून बिबट्याच्या मादीचं बाळंतपण सुरुवातीपासून समजावून सांगितलं. तीन महिने पोट, दोन किंवा तीन पिल्लं, आणि आताच्या माद्यांनी डोंगर पाहिलेलाच नाही, त्यांच्या आयाही उसातच जन्मल्या.

"पन ही तर चार हायती," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"बागायतीतली हाय ती," काकासाहेब म्हणाले. "खायला भरपूर. चार व्हनारच."

पिल्लांना माणसाचा वास लागला तर आई सोडून देते, असंही त्यांनीच बजावलं. तोवर पिल्लं निदान नऊ जणांच्या हातांतून जाऊन आली होती आणि प्रत्येकाने त्यांच्यासोबत फोटो काढला होता. शेवटी टोमॅटोचं एक क्रेट आणून त्यात पिल्लं ठेवली, आजूबाजूच्या चार सऱ्या तशाच उभ्या ठेवल्या आणि तोड थांबवली. अश्विनीने वाटीभर दूध ठेवलं. मच्छिंद्रने मोबाईलवरून वीज कचेरीला, वनखात्याला आणि ओळखीच्या दोन पत्रकारांना कळवलं. त्या दिवशी तो जेवायलाही घरी गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनरक्षक सुकन्या मोटारसायकलवर आली. तरुण पोरगी, पण कामाची. तिने क्रेटमध्ये डोकावलं आणि तिला हसू आवरेना.

"मच्छिंद्रभाऊ, बिबट्याच्या पिल्लाची शेपूट लांब असते. यांची बघा, आखूड आणि शेंड्याला काळी कडी. रानमांजर आहे हे."

मच्छिंद्रने तिला बाजूला घेतलं. "ताई, लिहून टाका की बिबट्या. तुमचं काय जातंय? समद्या वस्तीचं भलं व्हईल."

"आणि आई आली म्हणजे?"

"एवढ्या मान्सांत कशाला येतीया ती?"

सुकन्याने सगळ्यांना लांबच्या बांधावर नेऊन बसवलं आणि गप्प राहायला सांगितलं. आई आली ती भर उन्हात, साडेअकराच्या सुमारास. मळकट तांबूस, हडकुळी, उंच पायांची मांजर. बांधावर बसलेल्या पन्नास माणसांकडे तिने एकवार पाहिलं, क्रेटवर पुढचे पाय टेकले, मानगूट धरून एक पिल्लू उचललं आणि उभ्या उसात शिरली. मग दुसरं नेलं, मग तिसरं. चौथ्याच्या वेळी बराच वेळ ती आलीच नाही. पिल्लू क्रेटमध्ये एकटं ओरडत होतं आणि बांधावर कुणी खोकतही नव्हतं. दाखल्यासाठी आलेला मच्छिंद्र दाखला विसरून मनात म्हणत होता, ये गं बाई, लवकर ये. ती आली आणि चौथंही घेऊन गेली, तेव्हा त्याचे डोळे भरून आले. आपल्याच विरुद्धचा पुरावा एवढा गोड असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"म्या कालच सांगितलं हुतं," केशरबाई म्हणाली आणि कोयता घेऊन उठली. काकासाहेबांना कारखान्यावर तातडीचं काम निघालं.

गर्दी पांगल्यावर मच्छिंद्र सुकन्यापुढे हात जोडून उभा राहिला. "ही मांजर हुती, कबूल. पन बिबट्या हाय ताई. माझी कुत्री काय मांजरीनं न्हेली?"

सुकन्याला त्याची कीव आली. तिने कांद्याच्या कडेला, विहिरीजवळच्या बाभळीला एक कॅमेरा बांधला. समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो निघतो, म्हणाली. सात रात्री राहू दे, बिबट्या दिसला तर दाखला मी स्वतः आणून देईन. मच्छिंद्र हरखला. आजवर ज्याच्या नावाने तो थरथर कापत होता, तो बिबट्या यावा म्हणून त्याने कानिफनाथाला नारळ कबूल केला.

पण तो आठवडा नेमका रात्रीच्या विजेचा होता.

"ह्या सात दिवसांत तुमी जाऊ नका बरं," अश्विनी म्हणाली. "मान्साच्या वासानं तो यायचा न्हाई."

"आन कांदा? कांदा पोसायला लागलाय. आता पानी चुकलं तर गोट्या निघतील."

तो गेला. सातही रात्री गेला.

पुढचा दिवसाच्या विजेचा आठवडा सरला आणि वीज कचेरीचं पत्र आलं. सोबत कॅमेऱ्यातले काही फोटो जोडलेले होते. सुकन्याने आधीच फोन करून सांगितलं होतं, "भाऊ, मी नुसते फोटो दिले हो, बाकी मजकूर त्यांचा." मच्छिंद्रने ओट्यावर बसून पत्र वाचलं. त्यात लिहिलं होतं: "सदर क्षेत्रात बिबट्याचा वावर आढळून आला नाही. उलटपक्षी, सलग सात रात्री एक इसम मध्यरात्रीनंतर एकटाच पिकास पाणी देताना सुखरूप आढळून आला आहे. काही छायाचित्रांत सदर इसम गाणे गात असल्याचे दिसते. सबब, रात्रीचा वीजपुरवठा सुरक्षित असून त्यात बदलाची आवश्यकता वाटत नाही."

फोटोंत खरंच मच्छिंद्रच होता. हातात खोरं, डोळे चमकलेले, तोंड उघडं. भीती वाटली की तो गळा ताणून, येतील तेवढ्या सगळ्या आरत्या एकामागून एक म्हणत असे. फोटोत आवाज येत नाही, आणि आला असता तरी कचेरीने तो गाण्यातच धरला असता.

"काय लिव्हलंय?" अश्विनीने आतून विचारलं.

"मी सुखरूप हाय म्हनत्यात."

त्या रात्री पुन्हा बाराची लाईट होती. अश्विनी बाहेर आली, तिने फोटो पाहिले, आणि त्याच्या टॉर्चची बॅटरी चार्जिंगला लावली.