आकाशातल्या बापाचा हात

वारंगा फाट्यावर धम्मानंद पेंटरला ओळखत नाही असा माणूस परगावचाच असणार. ट्रकच्या पाठीवरचा मोर त्याचा, खताच्या दुकानावरचं कणीस त्याचं, विहाराच्या भिंतीवरची पिंपळपानं त्याची आणि पलीकडच्या देवळातला उडता मारुतीही त्याचाच. फ्लेक्स आल्यापासून त्याचा धंदा निम्म्यावर आला होता, पण तोरा पूर्वीचाच होता. "देव कोणता का आसंना, आपल्याला फोटो दाखवा, आपण हुबेहूब काढतो," असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा.

त्यामुळे शमुवेल पास्टर मोटारसायकलवरून उतरून म्हणाले, "चर्चच्या भिंतीवर आकाशातला बाप काढायचाय," तेव्हा धम्मानंदने सवयीने हात पुढे केला.

"फोटो दाखवा."

"तीच अडचण आहे," पास्टर म्हणाले. "त्याला कुणी पाहिलेलं नाही."

पास्टर तरुण होते, नांदेडहून नवीनच आले होते. फाट्यापासून आत एका गावात पत्र्याचं छोटं चर्च होतं आणि मंडळी म्हणजे शेतमजुरी करणारी पाचपन्नास माणसं. वेदीमागच्या भिंतीला नुकतंच प्लास्टर झालं होतं आणि ती कोरी भिंत पास्टरांच्या डोळ्यात सलत होती. त्यांनी मोबाईल काढून एकेक जुनं चित्र दाखवलं. पूर्वीचे चित्रकार फार भ्यायचे म्हणे. देवाचं तोंड काढायची छाती नव्हती, म्हणून ते ढगातून नुसता हात काढायचे. कुणी त्रिकोणात डोळा काढायचा. पवित्र आत्म्यासाठी कबुतर, पुत्रासाठी, म्हणजे येशूसाठी, कोकरू. पुढे लोक धीट झाले आणि पांढऱ्या दाढीचा म्हातारा काढू लागले.

"म्हातारा काहून?" धम्मानंदने विचारलं.

"म्हातारा नाही, अनादी. सगळ्यांच्या आधीचा. पांढरी दाढी हे त्याचं चिन्ह." पास्टरांचा स्वतःचा कल हाताकडे होता.

पण मंडळीत जनकाबाईचा शब्द चालायचा. सत्तरी ओलांडलेली ही बाई चर्च झाडायची, दिवा लावायची आणि कुणाचीही भीड ठेवायची नाही. ती म्हणाली, "बाप म्हंता आन नुसता हात काढता? बापाला तोंड न्हाई व्हय?"

मंडळीने माना डोलावल्या. दाढी ठरली.

धम्मानंदने वेदीमागे पडदा बांधला आणि काम सुरू केलं. मोबाईलमधली तोंडं त्याला परकी वाटली. लोकांना आपला वाटेल असा बाप काढू, असं त्याने ठरवलं. भव्य कपाळ, भरघोस पांढरी दाढी, जाड भुवया आणि सगळ्यांवर लक्ष असल्यासारखी नजर. हात आपोआप चालत गेला. आतापर्यंत एवढं सोपं तोंड आपण काढलं नव्हतं, याचं त्यालाच नवल वाटलं.

आइतवारी उपासनेच्या सुरुवातीला पडदा बाजूला झाला. पुढच्या बाकावरच्या एका बाप्याने चटकन डोक्यावरची टोपी सारखी केली आणि तो उठून उभा राहिला. मग जनकाबाईचा आवाज आला.

"आगं माय! हे तर तातेराव!"

तातेराव म्हणजे त्या भागातले मोठे जमीनदार, दोनदा सरपंच राहिलेले, आणि आता जिल्हा परिषदेला उभे. अख्ख्या पंचक्रोशीत अशी पांढरी दाढी त्यांचीच. त्यांच्या वाढदिवसाला फाट्यावरच्या भिंतीवर त्यांचं तोंड रंगवायचं काम कैक वर्षं धम्मानंदकडेच होतं, आणि पेंटरने विसरायचं ठरवलं तरी त्याचा हात विसरत नाही.

"सहा दिस ह्याच्या रानात वाकायचं," जनकाबाई म्हणाली, "आन आइतवारी वर बघावं तर तिथं बी ह्योच?"

पास्टरांनी त्या दिवशी प्रवचन आटोपतं घेतलं.

बातमी दुपारच्या आतच तातेरावांपर्यंत पोचली. ते संध्याकाळी दोन जीप घेऊन चर्चमध्ये आले. चपला बाहेर काढल्या आणि भिंतीपुढे बराच वेळ उभे राहिले. मग स्वतःच्याच चित्राला हात जोडून म्हणाले, "आमी कोणत्याच धर्मात भेद करत न्हाई. तुमी आमाला एवढा मान दिला, आमी पण तुमाला इसरणार न्हाई." कार्यकर्त्यांनी फोटो काढले. हे तुम्ही नाही, हा परमेश्वर आहे, असं तातेरावांना सांगायचं कसं, ते पास्टरांना कुठल्याच शाळेत शिकवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवर चुना मारून घेतला.

आता काय काढायचं, यावर पुन्हा बैठक बसली. पास्टरांनी त्रिकोणातला डोळा पुन्हा पुढे केला. धम्मानंदने मान हलवली. "साहेब, सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर नसबंदीचे लाल त्रिकोण मीच काढले. त्रिकोण बघून लोकांना देव न्हाई आठवणार. आन डोळा काढला तर मोतीबिंदूचं शिबिर समजून म्हातारे रांग लावतील."

"कबुतर?"

"पत्र्याखाली खरी कबुतरं काय कमी हायेत?" जनकाबाई म्हणाली. "रोज त्यांचंच झाडून राहिले मी."

शेवटी पास्टरांचा हात मंजूर झाला. आपली पहिली चूक भरून काढायची म्हणून धम्मानंदने जीव ओतून काम केलं. निळं आभाळ, पांढरे ढग आणि मधोमध उघडा तळवा, पाची बोटं सरळ, एकमेकांना चिकटलेली. पास्टर खूश झाले. मंडळीतल्या दोघा-तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, पण आधीचं तोंड गेलं हेच त्यांना पुष्कळ होतं.

तातेरावांना मात्र हे पुष्कळ नव्हतं. त्यांच्या विरोधकाची निशाणी पंजा होती. त्यांनी लेखी तक्रार दिली: आमचं तोंड पुसून तिथं विरोधी पक्षाची निशाणी काढली.

आचारसंहितेच्या पथकाची गाडी चर्चपुढे थांबली. पथकप्रमुख भिंतीपुढे उभे राहिले. सोबतच्या कारकुनाने पेन उघडलं.

"हा हात कुणाचा?"

"परमेश्वराचा," पास्टर म्हणाले.

"पक्ष?"

"कोणत्याच पक्षाचा नाही, साहेब. तो सगळ्यांचा आहे."

"म्हणजे अपक्ष," कारकून लिहिता लिहिता पुटपुटला.

पथकप्रमुख समजूतदार होते. त्यांनी धम्मानंदला विचारलं, "फाट्यावरचे पंजे कोण काढतो?"

"मीच, साहेब. कमळं बी मीच काढतो, घड्याळं बी."

"मग फरक कुठे केलात?"

धम्मानंदने भिंतीकडे नीट पाहिलं. फरक होता तो फक्त ढगांचा. पाचसहा निवडणुकांत शेकडो भिंतींवर गिरवलेला पंजाच ढगातून बाहेर आला होता.

निवडणूक होईपर्यंत परमेश्वराच्या हातावर पांढरं कापड ठोकण्यात आलं. पंचनाम्यावर पास्टरांची सही झाली.

निकाल लागला. तातेराव पडले, आणि तेही पंजाकडून. त्यांच्या माणसांनी गावभर सांगितलं, की चर्चच्या भिंतीनं घात केला. पंजावाल्यांनी तर देवाच्याच हातानं निवडून आलो म्हणून पेढे वाटले आणि एक पुडा पास्टरांकडेही पाठवला. पास्टरांनी तो घेतला नाही. मंडळीतल्या लेकरांनी घेतला.

आचारसंहिता उठली, कापड निघालं. पास्टर धम्मानंदला म्हणाले, "हात हातच राहू द्या. पण मत मागणारा नको. काही देणारा वाटला पाहिजे."

हे सांगायला सोपं होतं. धम्मानंद शिडीवर चढून कोळशाने गिरवायचा आणि फडक्याने पुसायचा. आरशात स्वतःचा हात पाहून काढला, तर तो मजुरी मागणारा दिसला. विहारातल्या मूर्तीचा हात आठवून काढला, तर तो सुंदर आला, पण पास्टर म्हणाले, "हे आमच्याकडचं वाटत नाही." दुपारपर्यंत त्याचा धीर सुटला. देव काढायला आपण बसलोच कशाला, असं त्याला पहिल्यांदा वाटलं.

तेवढ्यात जनकाबाई चहा घेऊन आली. हळद शिजवण्याच्या कामावरून ती थेट आली होती. शिडीखाली उभं राहून तिने कप वर धरला.

"घे बापू. किती पुसशील? भिंत झिजंल."

धम्मानंदने खाली पाहिलं. मनगटावरच्या शिरा दोरीसारख्या उठलेल्या, नखं हळदीने पिवळी, तळव्याला भेगा, आणि कधी तरी विळा लागून वाकडं झालेलं पहिलं बोट कपाच्या कानापासून बाजूला राहिलेलं. कप काठोकाठ भरला होता, पण चहाचा थेंब सांडत नव्हता.

"आजी, तसाच धरा हात. हलवू नका."

"आरं, च्या निवून राहिला!"

"निवू द्या."

"यडा झाला का तू?" ती म्हणाली, पण हात तसाच धरला. तोंडाने फटकळ असली, तरी वरून सांगितलेलं काम टाळायची सवय तिला नव्हती. धम्मानंद भराभर गिरवत राहिला. खालून वर आलेला हात त्याने ढगातून खाली आणला आणि त्यातला कप काढून टाकला. मग गार झालेला चहा एका घोटात प्यायला.

चित्र पुरं झाल्यावर नांदेडहून बिशप आले. ते भिंतीच्या अगदी जवळ गेले आणि म्हणाले, "असा हात मी कुठं पाहिला नाही. बोट वाकडं ठेवण्यामागे काय अर्थ?"

पास्टरांनी धम्मानंदकडे पाहिलं. धम्मानंदने पत्र्याकडे पाहिलं. मग पास्टरांनाच सुचलं. "न्याय सरळ असतो, बिशपसाहेब. दया वाकते. ते दयेचं बोट."

"वा! आणि नखांवरचा पिवळा रंग?"

"स्वर्गीय तेज."

बिशपांनी त्यावर अर्धा तास प्रवचन केलं. मंडळी तल्लीन झाली. जनकाबाईने पदराने डोळे टिपले. तातेरावांचं तोंड सगळ्यांनी एका नजरेत ओळखलं होतं; हा हात इतक्या लोकांत कुणालाच ओळखीचा वाटला नाही. तिलाही नाही.

सगळे गेल्यावर ती धम्मानंदजवळ आली.

"समदं ब्येस झालं बापू. पण ते बोट सरळ काढलं असतं तर बरं व्हतं. देवाचं बोट काहून वाकडं आसंल? त्याला काय रानात जायचं आसतंय?"

"जात आसंल, आजी."

"काय बी बोलतो," ती म्हणाली आणि केरसुणी घेऊन बाकांखाली वाकली.

सांगून टाकावं, असं धम्मानंदच्या ओठावर आलं होतं. पण सांगितलं असतं, तर तिने लाजेने उद्याच्या उद्या भिंतीला चुना मारायला लावला असता, याची त्याला पक्की खात्री होती. त्याने शिडी खांद्यावर घेतली आणि तो गुपचूप बाहेर पडला.